पेशींची गादी

‘सिरोसिस’ हा शब्द वैद्यकीय अहवालात दिसला की आपल्या समाजात पहिला प्रश्न रुग्णाच्या प्रकृतीविषयी निघत नाही, त्याच्या सवयींविषयी निघतो. तोंडावर कोणी विचारीत नाही; भेटीस आलेले नातेवाईक जिना उतरताना आपसांत कुजबुजतात. ज्या घरात चार पिढ्यांत मद्याचा थेंब आलेला नाही, जेथे कांदा-लसूणही वर्ज्य आहे, तेथील साठीच्या गृहस्थास किंवा गृहिणीस हा विकार जडतो, तेव्हा दुखण्याच्या जोडीला ही कुजबुजही सोसावी लागते. परंतु खरे नुकसान त्याच्या कितीतरी आधी झालेले असते. ‘आपण पीत नाही, तेव्हा आपल्या यकृताला काही होणार नाही’ या भरवशावर अनेक कुटुंबे तपासणीच्या वाटेला जात नाहीत, आणि ज्या दहा-पंधरा वर्षांत काही करता आले असते ती वर्षे निघून जातात.

हा भरवसा चुकीचा का ठरतो, हे समजून घ्यायचे तर यकृतातील काम करणाऱ्या पेशींकडे पाहून भागत नाही; त्या पेशी ज्या आधारावर बसलेल्या असतात त्या आधाराकडे पाहावे लागते.

शरीररचनाशास्त्रात प्रत्येक मोठ्या अवयवाचे दोन भाग मानले जातात. एक कर्ता भाग, म्हणजे यकृतात पित्त तयार करणाऱ्या, मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या, स्वादुपिंडात इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशी. दुसरा भाग या पेशींना जागेवर धरून ठेवणारा, त्यांच्यापर्यंत रक्तवाहिन्या व चेतातंतू पोहोचविणारा, त्यांना आकार व शिस्त देणारा. या दुसऱ्या भागास ‘स्ट्रोमा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण किंवा गादी असा आहे. व्यापारी घरांना गादी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. पेढीवरील गादी ही केवळ कापूस भरलेली बैठक नसते. हिशेबाच्या वह्या तिच्याजवळ असतात, गिऱ्हाईक तिच्यासमोर येऊन बसते, माणसे बदलतात आणि गादी मात्र राहते. अवयवातील स्ट्रोमाचे स्थान बरेचसे असेच आहे.

हा स्ट्रोमा ज्या द्रव्याने घडतो त्याला शालेय पुस्तकांत ‘संयोजी ऊती’ असे नाव आहे. तिचे कुटुंब मोठे आहे. हाड, कूर्चा, स्नायू हाडाला बांधणारे स्नायुरज्जू, त्वचेचा आतील थर, चरबी, इतकेच नव्हे तर रक्तही याच कुळातले मानले जाते. झेव्हिए बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये मानवी शरीर २१ प्रकारच्या ऊतींचे बनलेले आहे अशी मांडणी केली, तेव्हा त्यांत अवयवांच्या फटीफटींतून पसरलेल्या या ऊतीलाही मानाचे स्थान दिले. विशेष म्हणजे त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वास नव्हता. नुसत्या डोळ्यांनी, विच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहून त्याने हे वर्गीकरण केले. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी तो निवर्तला. तरीही त्यानंतर दीर्घकाळ वैद्यकाचे विद्यार्थी या ऊतीकडे पोकळी भरणारा भराव म्हणूनच पाहत आले. पेटीत काचेचे सामान भरताना मधे गवत कोंबतात, तसे काहीसे.

गवत मात्र निर्जीव असते. ही ऊती जिवंत आहे. तिच्यात तंतू विणणाऱ्या पेशी असतात आणि त्या विणतात ते मुख्य सूत म्हणजे कोलॅजन. माणसाच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश एवढा वाटा या एकट्या प्रथिनाचा असतो. त्याची अंतर्रचना उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ व १९५५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांनी एकमेकींभोवती पीळ घेऊन वळलेला दोर असतो. सुंभाचा दोर वळताना तीन पेड घेतात ते कशासाठी, हे ज्याने मालाच्या गोण्या बांधलेल्या पाहिल्या आहेत त्याला ठाऊक असते. रामचंद्रन त्या वेळी तिशी नुकती ओलांडलेले होते.

सूत एकच असले तरी विणीवर सारे अवलंबून असते. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचा नऊ-दशांश भाग स्ट्रोमाच असतो. तेथे कोलॅजनचे तंतू सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर, ओळीने रचलेले असतात, म्हणून त्यातून प्रकाश आरपार जातो. त्याच पडद्यावर जखम होऊन ती भरली, की तेच कोलॅजन अस्ताव्यस्त विणले जाते आणि तेथे पांढरे फूल पडते. द्रव्य तेच, फक्त रचना बिघडली, आणि दृष्टी गेली. यकृताची गोष्ट याच जातीची आहे.

त्याआधी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागेल. ही गादी एकदा भरून ठेवली आणि काम संपले, असे होत नाही. तिचा घसारा सतत चालू असतो आणि भरपाईही सतत चालू ठेवावी लागते. याचा सर्वांत थरारक पुरावा इंग्लंडच्या जॉर्ज अॅन्सन या आरमारी अधिकाऱ्याच्या १७४० ते १७४४ या काळातील जगप्रदक्षिणेत मिळतो. ताजी फळे व भाजी नसल्याने त्याच्या खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांतील एका वृद्ध सैनिकास १६९० च्या बॉइनच्या लढाईत जखम झाली होती. ती कधीच भरून आली होती. परंतु पन्नास वर्षांनी, भर समुद्रात, ती पुन्हा उघडली. कोणाचे पूर्वी मोडून सांधलेले हाड पुन्हा सुटले. जीवनसत्त्व ‘क’ नसेल तर कोलॅजनचे तीन पेड नीट वळले जात नाहीत. जुना दोर झिजतच असतो आणि नवा तयार होत नाही. पन्नास वर्षे जी जखम बंद होती, ती एकदा भरली म्हणून बंद राहिली नव्हती. शरीर ती अखंड शिवत होते म्हणून बंद होती. १७४७ मध्ये जेम्स लिंड या आरमारी वैद्याने १२ रुग्ण घेऊन, दोघादोघांना निरनिराळे उपचार देऊन, संत्री व लिंबे यांचा गुण पारखून दाखविला. त्यामागचे कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

यकृतातील तारे

प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे असते. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जाते आणि त्यातील तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेवाटे येते. म्हणजे आपण खाल्लेले जवळजवळ सारे काही प्रथम यकृताच्या दारात उतरते. तेथे त्याची नोंद होते, छाननी होते, आणि मगच ते शरीरात पुढे जाते. एवढ्या मोठ्या उलाढालीसाठी यकृतातील सूक्ष्म रक्तमार्गांची रचना मुद्दाम मोकळी असते. त्यांच्या भिंतींना झरोके असतात, आणि भिंत व यकृतपेशी यांच्यामध्ये एक अरुंद बोळ असते. त्या बोळात अगदी थोडा, विरळ असा स्ट्रोमा असतो. निरोगी मानवी यकृतात तंतू इतके कमी असतात की नवख्या विद्यार्थ्याला ते शोधावे लागतात. गादी मऊ आणि पातळ, म्हणूनच देवघेव सुलभ.

याच बोळात एक विलक्षण पेशी राहते. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये ती प्रथम पाहिली आणि तिच्या फांद्या पाहून तिला ‘तारापेशी’ असे नाव दिले. पुढे त्यानेच तिची गल्लत दुसऱ्याच एका पेशीशी केली, आणि ती दुसरी पेशी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. जपानच्या तोशिओ इतो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मेदाचे थेंब साठविणाऱ्या एका पेशीचे वर्णन केले. ही आणि कुप्फरची मूळ तारापेशी एकच आहेत, हे केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये सिद्ध केले. जवळजवळ शंभर वर्षे एकाच खातेदाराची दोन खाती निरनिराळ्या नावांनी चालू होती, असे म्हणता येईल.

निरोगी अवस्थेत तारापेशी ही शांत कोठारपाल असते. शरीरातील जीवनसत्त्व ‘अ’चा बहुतांश साठा तिच्या मेदबिंदूंत ठेवलेला असतो. परंतु शेजारच्या यकृतपेशींना इजा पोहोचली, मग ती विषाणूने असो, मद्याने असो वा साचलेल्या चरबीने, की ती आपले कोठार रिकामे करते, रूप पालटते आणि तंतू विणू लागते. यकृतातील कोलॅजन प्रामुख्याने याच पेशीतून येते, हे १९८५ मध्ये स्कॉट फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतावरील प्रयोगांतून दाखविले.

हे विणकाम मुळात हिताचेच आहे, हे आवर्जून सांगावयास हवे. भिंतीला तडा गेला की गवंडी बोलवावाच लागतो. इजा एकदाच झाली आणि थांबली, तर तंतूंचे तात्पुरते ठिगळ लागते, यकृतपेशी पुन्हा वाढतात, ठिगळ विरघळते, आणि काही काळाने काही झाले होते याची खूणही उरत नाही. यकृताची ही शक्ती सर्वश्रुत आहे. खरी अडचण येते ती इजा थांबत नाही तेव्हा. रोज थोडा तडा, रोज थोडा गिलावा. बोळातील विरळ तंतू दाट होतात, भिंतीचे झरोके बुजतात, एका शिरेपासून दुसऱ्या शिरेपर्यंत पांढरे पट्टे पसरतात. या अवस्थेला फायब्रोसिस म्हणतात. पट्ट्यांनी यकृताचे वेगळे वेगळे गोळे पाडले, की तो सिरोसिस. हे नाव रने लेनेक याने १८१९ मध्ये दिले. तोच स्टेथोस्कोपचा जनक. उघडलेल्या यकृताच्या पिवळसर तांबूस रंगावरून त्याने ग्रीक शब्द घेतला. मद्याशी त्या शब्दाचा काहीही संबंध नाही.

सिरोसिसमध्ये यकृतपेशी सगळ्याच मेलेल्या नसतात. त्या गोळ्यांत नव्याने वाढतही असतात. परंतु मूळ गादी हरपल्यामुळे त्यांचा रक्तप्रवाहाशी असलेला सुबक संबंध तुटलेला असतो. कामगार हजर आहेत, माल दारात आला आहे, आणि मधला रस्ताच बंद आहे. मग पोर्टल शिरेत रक्त तुंबते. यकृतात शिरणाऱ्या व यकृतातून निघणाऱ्या रक्ताच्या दाबातील फरक एरवी ५ मिलिमीटरपर्यंत असतो. तो १० च्या पुढे गेला की धोका सुरू होतो आणि १२ च्या पुढे अन्ननलिकेच्या तळाशी फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याचे भय असते. प्लीहा सुजते, पोटात पाणी भरून जलोदर होतो. जलोदर आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होता. त्याची मुळे इतक्या सूक्ष्म विणीत आहेत, हे मात्र ठाऊक नव्हते.

न पिणाऱ्यांचे यकृत

१९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी २० रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब मद्यपींच्या यकृतासारखे दिसत होते; पण ही माणसे मद्यपी नव्हती. बहुतेकांचे वजन जास्त होते, अनेकांना मधुमेह होता. तोपर्यंत या विकाराला नावच नव्हते. लुडविग यांनी ते दिले आणि त्यात ‘मद्याशिवाय’ हा शब्द घातला. पुढे ‘नॅश’ आणि ‘एनएएफएलडी’ ही संक्षिप्त नावे रूढ झाली. २०२३ मध्ये जागतिक तज्ज्ञांनी नाव पुन्हा बदलून ते चयापचयाच्या बिघाडाशी जोडले. सामान्य माणसाच्या तोंडी मात्र ‘फॅटी लिव्हर’ हेच नाव आहे आणि ते पुरेसे आहे.

भारत सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा समावेश कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. त्या वेळी देशातील ९ ते ३२ टक्के लोकांत तो असावा असा अंदाज दिला गेला. टाइप-२ मधुमेह असलेल्यांत तर निम्म्याहून अधिक लोकांत तो आढळतो. आपल्याकडचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, वजनाने बेताची दिसणारी माणसेही यातून सुटत नाहीत; हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण अधिक घातक असते. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीच्या ८० सेंटिमीटर, ही सावध होण्याची रेषा मानतात.

व्यापारी घराची दिनचर्या या बाबतीत अनुकूल नाही, हे स्पष्टच बोललेले बरे. सकाळी दहापासून दुकानात बैठक, दर दोन तासांनी साखर घातलेला चहा, गिऱ्हाईकाबरोबर तोंडात टाकलेली शेव आणि गाठी, लग्नसराईत मिठाईची सरबत्ती. आहार शुद्ध असतो यात शंका नाही. परंतु यकृताला शुद्ध तुपाची बालुशाही आणि अशुद्ध तुपाची बालुशाही यांतला भेद फारसा कळत नाही. साखर, मैदा आणि तेल एवढेच त्याच्या दारात उतरते. जादा साखरेचे ते मेदात रूपांतर करते आणि तो मेद आपल्याच पेशींत साठवत जाते.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या यकृतात मेद आहे त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत तो मेदच राहतो. काहींत त्या मेदामुळे दाह होतो, आणि त्यांतल्या काहींत तारापेशी जागी होऊन तंतू विणू लागते. या तंतूंच्या वाढीच्या ० ते ४ अशा पायऱ्या मानल्या आहेत. चौथी पायरी म्हणजे सिरोसिस. पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित गणित २०१५ मध्ये मांडले गेले. त्यानुसार दाह असलेल्या रुग्णांत एक पायरी चढण्यास सरासरी ७ वर्षे आणि नुसता मेद असलेल्यांत १४ वर्षे लागतात. रुग्णाचे पुढे काय होणार हे मेद किती यावरून ठरत नाही, तंतू किती यावरून ठरते.

आणि येथेच मोठी गल्लत होते. पोटाच्या सोनोग्राफीवर ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असे लिहिलेले कागद आज बहुतेक घरांतील कपाटांत सापडतील. ही ग्रेड मेदाची असते, तंतूंची नसते. ग्रेड १ म्हणजे पहिली पायरी, असे समजून अनेक जण निश्चिंत होतात. प्रत्यक्षात मेद थोडा आणि तंतू पुष्कळ, असेही यकृत असू शकते. सिरोसिस पूर्ण झाल्यावर तर मेद पुष्कळदा कमीच झालेला असतो. एसजीपीटी ही रक्ततपासणीही फसवी असते, कारण तंतू वाढलेले असतानाही तिचा आकडा मर्यादेत असू शकतो. नफा-तोटा पत्रक ठीक दिसते, आणि ताळेबंदात भांडवल खचलेले असते, असा हा प्रकार आहे.

सुदैवाने तंतूंचा अंदाज घेण्याची एक साधी पद्धत उपलब्ध आहे आणि ज्याला हिशेब येतो त्याला ती सहज जमते. तिचे नाव ‘फिब-४’. वयाला एसजीओटीच्या आकड्याने गुणावे. प्लेटलेटची हजारांतील संख्या घेऊन तिला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. समजा, एका गृहस्थाचे वय ५८, एसजीओटी ४८, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. ५८ गुणिले ४८ म्हणजे २७८४. ३६ चे वर्गमूळ ६; १६० गुणिले ६ म्हणजे ९६०. भागाकार २.९. दुसऱ्या गृहस्थाचे वय ४५, एसजीओटी २८, एसजीपीटी तेच ३६, प्लेटलेट अडीच लाख. त्यांचा भागाकार ०.८४ येतो. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर लक्षणीय तंतू असण्याचा संभव कमी, २.६७ च्या वर असेल तर तज्ज्ञाकडे जाणे टाळू नये. मधला असेल तर पुढची तपासणी करावी. पासष्टीपुढे १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचे नसते. डेंग्यूसारख्या तापात प्लेटलेट उतरलेल्या असतात. तेव्हाच्या रिपोर्टवरून ते मांडू नये. वरील दोन्ही गृहस्थांचा एसजीपीटी सारखाच होता, हे पुन्हा पाहण्यासारखे आहे.

पुढची तपासणी म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणे. या यंत्राला बहुतेक ठिकाणी ‘फायब्रोस्कॅन’ म्हणतात. बरगड्यांमधून हलका धक्का दिला जातो आणि त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते पाहिले जाते. मऊ गादीतून लहर संथ जाते, ताठर गादीतून वेगाने. आकडा किलोपास्कलमध्ये येतो. निरोगी यकृताचा तो साधारण ५ च्या आसपास असतो. ८ च्या आत असेल तर सहसा चिंता नसते. १२ ते १५ च्या पुढे गेला तर तंतू बरेच पसरल्याची शंका घेतात. दुखत नाही, सुई टोचत नाही, काही मिनिटांत होते. उपाशीपोटी करावी लागते, एवढेच पथ्य.

गादी पुन्हा मऊ होते का?

पन्नास वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठाम नकारार्थी मिळाले असते. यकृतातील तंतू म्हणजे दगडावरची रेघ, असे मानले जाई. आज उत्तर निराळे आहे. हिपॅटायटिस ‘बी’च्या रुग्णांना टेनोफोविर हे औषध पाच वर्षे देऊन त्यांच्या यकृताचे तुकडे आधी व नंतर तपासल्याचा अभ्यास २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ९६ जणांना आरंभी सिरोसिस होता. पाच वर्षांनंतर ७१ जणांमध्ये तो राहिला नव्हता. इजा थांबली की तारापेशींपैकी काही मरून जातात, काही पुन्हा शांत होतात, आणि विणलेले तंतू विरघळविणारी यंत्रणा हळूहळू वरचढ ठरते. स्कर्व्हीत ज्या घसाऱ्याने जुनी जखम उघडली, तोच घसारा येथे उपकारक ठरतो. मात्र फार जुने, जाड, घट्ट विणलेले पट्टे सहज सुटत नाहीत, आणि जलोदर झाल्यानंतरची वाट फार अवघड असते.

फॅटी लिव्हरमध्ये इजा थांबविणे म्हणजे मुख्यतः वजन उतरविणे. ५ टक्के उतरले तर मेद कमी होतो, ७ टक्क्यांच्या पुढे दाह शमू लागतो, आणि १० टक्के किंवा अधिक उतरविणाऱ्यांपैकी अनेकांत तंतूही मागे सरतात. ८० किलोच्या माणसाला ८ किलो. ते आठवड्याला अर्धा ते एक किलो या गतीने उतरावे. झटपट उतरविलेले वजन यकृताला उलट त्रास देऊ शकते. चार दिवस कडक उपवास आणि पाचव्या दिवशी पारण्याला श्रीखंड, या हिशेबात शिल्लक काही राहत नाही. बिनसाखरेची कॉफी पिणाऱ्यांत तंतू कमी आढळतात, असे बऱ्याच पाहण्यांतून दिसले आहे. चहाच्या घरात हे ऐकून घेणे थोडे कठीण जाईल. औषधांच्या बाबतीत, तंतू वाढलेल्या रुग्णांसाठी रेस्मेटिरोम या गोळीला मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तीही आहार व व्यायाम यांच्या जोडीनेच द्यावयाची आहे.

कोलॅजनचा एवढा ऊहापोह झाला, तेव्हा दुकानांत मिळणाऱ्या ‘कोलॅजन पावडर’विषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. वनस्पतींत कोलॅजन नसतेच. ही पावडर गुरांच्या कातड्या-हाडांपासून किंवा माशांपासून काढतात. नावातच तिचे कूळ आहे. ग्रीक भाषेत ‘कोला’ म्हणजे सरस, तोच सुतारकामातला. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून जे विकले जाते त्यात बहुधा अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्व ‘क’ असते. नाव पाहून घेण्यापेक्षा घटकांची यादी आणि वेष्टनावरील हिरवी वा तपकिरी खूण पाहावी. तसेही खाल्लेले कोलॅजन पोटात पचून सुटे होते आणि शरीर आपला दोर नव्यानेच वळते. त्यासाठी डाळ, दूध, कडधान्ये आणि एक आवळा पुरतो. सांध्यांसाठी, त्वचेसाठी घेतलेली ती पावडर यकृताच्या तंतूंवर चांगला वा वाईट कोणताच परिणाम करीत नाही. नाव एक म्हणून नाते जोडू नये.

सिरोसिस शेवटच्या टप्प्यास पोहोचला तर यकृत प्रत्यारोपण हा मार्ग उरतो. भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत नातेवाइकाने दिलेल्या यकृताच्या भागावर होतात, आणि दाता बहुधा मुलगा, मुलगी, पत्नी किंवा भाऊ असतो. दात्याची गादी निरोगी असेल तर उरलेले यकृत काही आठवड्यांतच बरेचसे भरून येते. परंतु मुलगा पुढे आला, रक्तगट जुळला, आणि तपासणीत त्याच्याच यकृतात मेद निघाला, असा प्रसंग प्रत्यारोपण केंद्रांना नवा नाही. एकच स्वयंपाकघर, एकच दुकान, एकच बैठक. मेद फार असेल तर डॉक्टर त्या वेळी शस्त्रक्रिया नाकारतात. अशा काही तरुणांना ते काही आठवड्यांची मुदत देतात: साखर, तळण बंद, रोज भरभर चालणे, वजन अमुक किलो खाली. मुदतीनंतर पुन्हा तपासणी होते, आणि ज्यांनी ते पथ्य मनापासून पाळले त्यांतील अनेकांच्या यकृतातील मेद एवढ्याशा अवधीत इतका उतरलेला असतो की त्यांना दाता म्हणून स्वीकारले जाते.